थीम पार्कचं तिकीट परवडतं का? पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी घरी बसून करायचा हिशेब

जत्रेतला हिशेब सोपा असतो. आकाशपाळण्यात बसायचं तर त्याचे पैसे द्यायचे, ब्रेक डान्सचे वेगळे, मौत का कुआँ बघायचा तर आणखी वेगळे. आजीला कशातच बसायचं नसेल तर आजीचे पैसे लागत नाहीत. थीम पार्कात नेमकं उलट असतं. दारातच प्रत्येकाचे पूर्ण दिवसाचे पैसे घेतात. आत जाऊन तुम्ही पंधरा राइड्स घ्या नाहीतर दोन, रक्कम तीच. अमेरिकेतलं डिस्नीलँड १९५५ मध्ये सुरू झालं, तेव्हा तिथेही बरीच वर्षं प्रत्येक राइडसाठी कूपन फाडून द्यावं लागायचं. ती कूपनपद्धत १९८२ मध्ये बंद झाली. आज बहुतेक मोठी पार्कं एकरकमी तिकिटावरच चालतात.

म्हणून "तिकीट महाग आहे का?" या प्रश्नाला सगळ्यांसाठी एकच उत्तर नाही. ज्या तिकिटात शेजारच्या घराचे पैसे पुरते वसूल होतात, त्याच तिकिटात तुमचे निम्मे वाया जाऊ शकतात. फरक पडतो तो घरात कोण कोण आहे, त्यांची उंची किती आहे आणि तुम्ही कोणता दिवस निवडता यावर. आम्ही डोंबिवलीहून आतापर्यंत पाच-सहा वेळा अशा सहली केल्या. त्यातली एक पूर्ण फसली, दोन फार छान झाल्या. त्या अनुभवावरून हे लिहिते आहे. उदाहरणं मुख्यतः खोपोलीजवळच्या इमॅजिकाला धरून आहेत, कारण मुंबई-पुण्याच्या मंडळींचा पहिला बेत बहुतेक तिथलाच असतो. गोराईचं एस्सेलवर्ल्ड १९८९ पासून आमच्या पिढीचं हक्काचं ठिकाण होतं. होडीतून खाडी ओलांडून जायचो, ते जाणंच अर्धी सहल असायचं. २०२२ मध्ये ते बंद झालं. त्याच्या शेजारचं वॉटर किंगडम मात्र चालू आहे.

आधी मुलांची उंची मोजा

तारीख, ऑफर, गाडी हे सगळं नंतर. आधी मुलांना अनवाणी भिंतीला पाठ लावून उभं करा, डोक्यावर पुस्तक आडवं धरा आणि पेन्सिलने खूण करा. बूट घालून मोजू नका. पार्कात राइडच्या तोंडाशी उंचीची पट्टी असते आणि जाड तळव्याचे बूट दिसले तर तिथला माणूस ते काढायला सांगू शकतो.

उंचीवर दोन गोष्टी ठरतात. पहिली, तिकीट कोणतं लागेल. आपल्याकडच्या बऱ्याच पार्कांत लहान मुलांचं तिकीट वयावर नसतं, उंचीवर असतं. अगदी छोट्यांना फुकट, मधल्या उंचीच्या मुलांना सवलतीचं आणि त्यापुढे मोठ्यांचं. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची: मूल कशात बसू शकेल. मोठ्या रोलर कोस्टरला साधारण साडेचार फुटांच्या आसपास मर्यादा असते. यात पार्कवाल्यांशी वाद घालण्यात अर्थ नाही. खांद्यावरून येणारा पट्टा आणि सीटचा आकार त्या उंचीचं शरीर धरून बनवलेला असतो. लहान मूल त्यातून निसटू शकतं.

आमची फसलेली सहल इथेच फसली. धाकटा तेव्हा सात वर्षांचा होता. महिनाभर त्याने रोलर कोस्टरचे व्हिडिओ बघितले होते, शाळेत सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. पाऊण तास रांगेत उभं राहिल्यावर पट्टीपाशी तो चार बोटं कमी भरला. ताईला आत जाताना बघून त्याचा चेहरा जो उतरला, तो संध्याकाळपर्यंत काही वर आला नाही. चूक सर्वस्वी माझी होती, कारण प्रत्येक राइडची उंचीची मर्यादा त्या पार्कच्या वेबसाइटवर लिहिलेली होती. मी तिकिटाची किंमत तीनदा बघितली होती आणि ते पान एकदाही उघडलं नव्हतं.

तेव्हा कागद घ्या. डाव्या बाजूला घरातल्यांची नावं, वर राइड्सची नावं. ज्याला जे चालेल तिथे खूण करा. रक्तदाब, हृदयविकार, पाठीचं किंवा मानेचं दुखणं, गरोदरपण असेल तर जोराच्या राइड्स सरळ वगळा. उलट्यासुलट्या फिरण्याची भीती असेल त्यांच्याही वगळा. मोठी माणसं भीतीपोटी ऐन वेळी मागे फिरतात, हे घरीच मोकळेपणाने विचारून घ्यावं. पंधरा मिनिटांत तुमच्यासमोर येईल की कोणाचं तिकीट वसूल होणार आहे आणि कोणाचं नाही.

या कागदावरून माझं स्पष्ट मत झालंय. घरात तीन-चार वर्षांचं एकच मूल असेल तर मोठ्या थीम पार्कला अजून जाऊ नका. त्याच्यासाठी चार-पाच छोट्या राइड्स असतात, दुपारी त्याला झोप येते आणि दोन मोठी तिकिटं त्याच्या मागे फिरण्यात जातात. त्या वयात जवळच्या बागेतली छोटी गाडी आणि गावची जत्रा त्याला तेवढाच आनंद देतात. मूल साडेचार फुटांच्या पुढे गेलं की मात्र त्याच तिकिटाची किंमत एकदम वसूल होऊ लागते.

मग पूर्ण खर्च मांडा

जाहिरातीत दिसतो तो आकडा सुरुवातीचा असतो. आधी बघा की त्यात कर धरलाय का. थीम पार्क आणि वॉटर पार्कच्या प्रवेशावर सुरुवातीला २८ टक्के जीएसटी होता, २५ जानेवारी २०१८ पासून तो १८ टक्क्यांवर आला. १,५०० रुपयांचं तिकीट कराशिवाय दाखवलेलं असेल तर प्रत्यक्षात १,७७० द्यावे लागतात. चौघांचे मिळून १,०८० रुपये वाढले. एवढ्या पैशांत चौघांची न्याहारी सहज होते.

आता एक उदाहरण घेऊ. आकडे हिशेबापुरते आहेत, तुम्ही तुमचे घाला. आई, बाबा, आजी आणि तेरा वर्षांची मुलगी. चारही तिकिटं मोठ्यांची, करासह ७,०८०. गाडीचं पेट्रोल आणि टोल १,२००. पार्किंग आणि लॉकर ४००. वाटेतली न्याहारी ४००. आतलं जेवण, पाणी, चहा मिळून १,८००. फोटो, आइस्क्रीम, एखादं खेळणं ५००. बेरीज ११,३८०. म्हणजे तिकिटावर ४,३०० रुपये चढले. बहुतेकांचा हिशेब बिघडतो तो इथे. तिकिटावर दोनशे रुपयांची सूट मिळावी म्हणून आपण चार दिवस शोधाशोध करतो आणि या ४,३०० कडे बघतच नाही.

बाहेरचं खाणं आत नेता येत नाही, हा बहुतेक ठिकाणचा नियम. तान्ह्या बाळाचं खाणं आणि औषधं यांना सहसा हरकत घेत नाहीत. आम्ही घरून पोटभर पोहे किंवा उपमा खाऊन निघतो आणि गाडीत दशम्या, चटणी, केळी ठेवतो. हातावर शिक्का मारून बाहेर जाऊन परत येऊ देतात का, हे दारातच विचारा. देत असतील तर दुपारी पार्किंगमध्ये निवांत जेवता येतं. नाहीतर त्या दशम्या परतीच्या वाटेवर कामी येतात, कारण संध्याकाळी सहाला मुलांना जी भूक लागते ती दुपारच्यापेक्षा मोठी असते. रिकामी बाटली आत नेऊ देत असतील तर नक्की न्या. पिण्याच्या पाण्याची सोय आत असते, पण बाटलीशिवाय ती उपयोगी पडत नाही.

गाडी नसेल तर खोपोलीपर्यंत लोकल जाते आणि स्टेशनपासून पुढे रिक्षा मिळते. खोपोलीच्या गाड्या मोजक्याच असतात. त्यामुळे जातानाचं नाही, परतीचं वेळापत्रक आधी बघा. चार-पाच जण असाल आणि बरोबर लहान मूल असेल तर सगळ्यांनी मिळून गाडी ठरवणं शेवटी स्वस्त पडतं.

एका राइडला किती पडले ते काढा

वरच्या कुटुंबाचाच हिशेब पुढे नेऊ. गर्दी नसलेल्या दिवशी तिघांनी बारा-बारा राइड्स घेतल्या, आजीने चार शो बघितले. एकूण चाळीस. ११,३८० भागिले चाळीस म्हणजे एका अनुभवाला साधारण २८५ रुपये. तेच कुटुंब लागून आलेल्या सुट्टीत गेलं, तिघांच्या सहा-सहा राइड्स झाल्या आणि आजीचे दोन शो, म्हणजे एकूण वीस. तेव्हा तोच आकडा ५७० च्या घरात जातो. तिकीट तेच, पार्क तेच, किंमत दुप्पट. आणि गर्दीच्या दिवसांचं तिकीट पुष्कळदा चढंच असतं, म्हणजे फरक याहूनही वाढतो.

रांग इतकी का लांबते, हे एकदा समजलं की तुम्हाला आत गेल्यावर निर्णय घेता येतात. समजा एका गाडीत चोवीस जण बसतात आणि दर चार मिनिटांनी गाडी सुटते. तासाला पंधरा फेऱ्या, म्हणजे ३६० माणसं. तुमच्या पुढे तीनशे जण असतील तर पन्नास मिनिटं लागणारच. म्हणून रांगेत शिरण्याआधी दोन मिनिटं उभं राहून बघा: एका फेरीत किती बसतात आणि दोन फेऱ्यांमध्ये किती वेळ जातो. पुढची माणसं अंदाजे मोजा. मी हे मुलीला शिकवलंय, आता तीच पटकन सांगते, "आई, इथे नको, चाळीस मिनिटं आहेत." नाटकासारखी मांडलेली जी दालनं असतात, ज्यात एका वेळी शंभर-दीडशे जण आत घेतात, त्यांची रांग लांब दिसली तरी भराभर सरकते. चार-चार जणांच्या पाळण्यांची रांग छोटी दिसते आणि जागची हलत नाही.

दिवस निवडा

नव्या माणसाला मी एकच गोष्ट सांगायची तर ही सांगेन. ऑफरपेक्षा दिवस बघा.

शनिवार, रविवार, दिवाळीची सुट्टी, नाताळ ते नवीन वर्ष, २६ जानेवारीला जोडून आलेले दिवस हे सगळे टाळावेत, हे कोणीही सांगेल. पण आपल्याकडची एक गोष्ट बाहेरगावच्या सल्ल्यांत सापडत नाही, ती म्हणजे शाळांच्या सहली. नोव्हेंबरच्या अखेरपासून जानेवारीपर्यंत मंगळवार-बुधवारीसुद्धा शाळांच्या बसच्या बस येतात. डिसेंबरातल्या एका बुधवारी आम्ही मोठ्या हुशारीने रजा घेऊन एका पार्कला गेलो, तर पार्किंगमध्ये रांगेने बस उभ्या. मुलांचा उत्साह बघायला छान वाटतो, पण प्रत्येक रांगेत पन्नास-साठ मुलांचे गट उभे होते. एक दिलासा असतो: शाळांना वेळेत परतायचं असतं, त्यामुळे चारनंतर पार्क मोकळं होतं. त्या दिवशी आमच्या निम्म्या राइड्स शेवटच्या दोन तासांत झाल्या.

जून-जुलैत शाळा नुकत्याच सुरू झालेल्या असतात, गर्दी कमी असते, तिकिटांवर सवलतीही निघतात. पण खोपोली हे सह्याद्रीच्या पायथ्याचं गाव आहे. तिथला पाऊस म्हणजे आपल्याकडची सर नव्हे. विजा कडाडू लागल्या किंवा पाऊस फार झाला की उघड्यावरच्या राइड्स थांबवतात आणि ते योग्यच आहे. अशा वेळी पैसे परत मिळतीलच असं नाही. पावसाळ्यात जायचं असेल तर ऑगस्टच्या अखेरीपासून सप्टेंबरपर्यंतचा आठवड्याचा मधला दिवस बघा, गणपतीच्या सुट्ट्या सोडून. मला स्वतःला फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा सगळ्यात आवडतो. हवा बरी असते, सहली आटोपलेल्या असतात, शाळा परीक्षेच्या तयारीत असतात. एक दिवस रजा टाकावी लागते, पण त्या रजेची किंमत भरून निघते.

वॉटर पार्कचं गणित वेगळं. मे महिन्यात तिथे पाय ठेवायला जागा नसते. ऑक्टोबरच्या उकाड्यात किंवा मार्चच्या सुरुवातीला जा.

तिकीट काढताना

पार्कच्या स्वतःच्या वेबसाइटवरून किंवा माहितीच्या मोठ्या बुकिंग ॲपवरून काढा. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या "अर्ध्या किमतीत पास" अशा निरोपांना पैसे पाठवू नका, तिकीट खोटं निघालं तर दारातून परत यावं लागतं. कॉलेजचं ओळखपत्र, ज्येष्ठ नागरिकांची सवलत, वाढदिवसाची ऑफर, गटाचे दर हे सगळं विचारा. आमच्या सोसायटीतली वीस-बावीस माणसं एकत्र गेली तेव्हा जेवणासह बरा दर मिळाला होता. जेवणासह तिकीट घेताना मात्र जेवण काय आहे ते बघा. चौघांपैकी दोघं दोन घास खाणारे असतील तर ते महाग पडतं. तारीख बदलता येते का, हेही वाचा. मुलांना ऐन वेळी ताप येतो.

एकाच दिवशी थीम पार्क आणि वॉटर पार्क अशी जोडतिकिटं मिळतात. इमॅजिकाच्या आवारात थीम पार्क, वॉटर पार्क आणि स्नो पार्क तिन्ही आहेत, त्यामुळे मोह होतो. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी तो टाळावा. दोन्हीकडे अर्धा-अर्धा दिवस मिळतो, त्यात कपडे बदलणं, लॉकर आणि ओले केस यात तास-दीड तास जातो. तिथे मुक्काम करून दोन दिवस देणार असाल तर गोष्ट वेगळी.

रांग टाळून आत नेणारं महागडं एक्सप्रेस तिकीट घ्यावं का? गर्दी नसताना ते निव्वळ वाया जातं, कारण दहा मिनिटांची रांग पाच मिनिटांची करण्यासाठी कोणी एवढे पैसे देऊ नयेत. गर्दीच्या दिवशीच जाणं भाग असेल, म्हणजे परदेशातून आलेला भाऊ त्याच आठवड्यात परत जाणार असेल, तर त्याचा उपयोग होतो. घेण्याआधी दोन गोष्टी विचारा: त्यात कोणत्या राइड्स येतात आणि प्रत्येक राइड एकदाच का कितीही वेळा.

वर्षभराचा पास मिळत असेल तर तो किती फेऱ्यांत वसूल होतो हे काढा, पण प्रत्येक फेरीला वरचे चार हजार धरून. पास फुकट फिरवतो असं वाटतं, पेट्रोल आणि जेवण फुकट होत नाही.

प्रत्यक्ष दिवस

दार उघडायच्या अर्धा तास आधी पोहोचा. पहिला दीड तास सोन्यासारखा असतो. बहुतेक लोक दारापासच्या पहिल्या राइडला थांबतात, फोटो काढतात. तुम्ही सरळ सगळ्यात मोठ्या राइडकडे चालू लागा. इमॅजिकात ती म्हणजे नायट्रो, बोलिजर अँड माबियार या स्विस कंपनीने बनवलेली. पायाखाली जमीनच नसलेली रोलर कोस्टर आहे, पाय अधांतरी लोंबकळत राहतात. असं यंत्र परदेशातून आणायचं, रोज सकाळी तपासायचं, रिकामं फिरवून बघायचं, मग माणसं बसवायची. तिकिटाचा मोठा भाग कशात जातो ते तिथे उभं राहिल्यावर कळतं. त्यानंतर डीप स्पेस, ही अंधारात धावणारी रोलर कोस्टर. दुपारी उन्हात उघड्यावर उभं राहवत नाही, त्यामुळे बारा ते चारच्या मध्ये छपराखाली बसून बघायचे शो आणि दालनं घ्या, पण जेवण साडेअकराला किंवा अडीचला. एक वाजता जेवायला गेलात तर तिथेही रांगच.

जोराच्या राइडनंतर लगेच जेवू नका आणि जेवल्यावर लगेच जोराच्या राइडमध्ये बसू नका. चष्मा, मोबाइल, गळ्यातली साखळी लॉकरमध्ये. मंगळसूत्र शक्यतो घरी ठेवून जावं, नाहीतर दिवसभर हात तिकडेच जातो.

वॉटर पार्कात सुती कपडे चालत नाहीत, नायलॉनचा पोशाख लागतो. घरून नेलात तर भाडं आणि अनामत रक्कम दोन्ही वाचतं. एका ठिकाणी अनामत परत घ्यायच्या रांगेत आम्ही ओल्या मुलांना घेऊन चाळीस मिनिटं उभे होतो, तेव्हापासून प्रत्येकाचा पोशाख घरचा. टॉवेल, रबरी चप्पल आणि मोबाइलची प्लास्टिकची पिशवीसुद्धा.

सासूबाईंना आम्ही पहिल्या वेळी "चला, सगळे मिळून जाऊ" म्हणून नेलं होतं. त्या आठ तास शेडखाली आमच्या पिशव्या सांभाळत बसल्या आणि एका शब्दाने बोलल्या नाहीत. त्याचं मला आजही वाईट वाटतं. घरातल्या वडीलधाऱ्यांना न्यायचं तर दिवस त्यांच्याही सोयीचा आखा. शोच्या वेळा आधी लिहून घ्या, त्या वेळी सगळ्यांनी त्यांच्याबरोबर बसा, पिशव्या लॉकरमध्ये टाका आणि संध्याकाळची मिरवणूक त्यांना पुढच्या ओळीत उभं राहून दाखवा. हे जमणार नसेल तर त्यांच्या तिकिटाच्या पैशांत दुसऱ्या रविवारी त्यांच्या आवडीच्या ठिकाणी जा. आमच्या सासूबाईंनी नंतर अष्टविनायकातला महडचा गणपती सुचवला. तो खोपोलीच्याच वाटेवर आहे. आता आदल्या दिवशी त्यांच्याबरोबर महड होतं आणि त्या खोपोलीला मावससासूबाईंकडे राहतात, त्यांच्याच आग्रहाने.

घरी आल्यावर झोपण्याआधी एका वहीत लिहून ठेवा: एकूण खर्च, कोणी किती राइड्स घेतल्या, कुठे किती वेळ गेला. पुढच्या वेळी या वहीइतका उपयोग कशाचाच होत नाही. आमच्या वहीतलं शेवटचं पान गेल्या रविवारचं आहे. त्यावर सहल नाही, धाकट्याची उंची आहे. भिंतीवरची खूण मोजून त्याने स्वतःच्या हाताने लिहिलंय, "चार फूट पाच इंच." खाली दोन रेघा ओढून: "फेब्रुवारीत पुन्हा मोजायचं."